वाचकांचे प्रश्न : ट्रेलर शिकताना

साधा ट्रक चालवता येतो आणि आता ट्रेलरकडे वळायचे आहे, अशा अनेकांनी या वेळी प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यात घोडा म्हणतात, तोच शब्द इथेही वापरला आहे. दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. परवान्याचे आणि वजनाचे नियम मात्र आपापल्या भागातले पाहून घ्यावेत.

प्रश्न : काही वर्षे साधा ट्रक चालवला आहे. ट्रेलरवर एकट्याने जाण्याआधी किती महिने उस्तादासोबत राहावे?

महिने मोजून उपयोग नाही. एकाच सरळ महामार्गावर तीन महिने ये-जा केली तर तो एकाच प्रकारचा अनुभव असतो. त्याऐवजी प्रसंग मोजा. उस्ताद शेजारी आणि स्टिअरिंग तुमच्या हातात असताना एवढे तरी घडून गेलेले असावे: भरलेल्या गाडीने लांब उतार, चढावर मध्येच थांबून गाडी पुन्हा उचलणे, मुसळधार पाऊस, पूर्ण रात्र, रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर, गर्दीतली दोन्ही बाजूंची काटकोनी वळणे, दोन्ही बाजूंनी रिव्हर्स, आणि ओबडधोबड जमिनीवर ट्रेलर जोडणे-सोडणे. यातले जे राहिले असेल ते मालकाला किंवा उस्तादाला स्पष्ट सांगून मागून घ्या.

ट्रेलर वेगळा आहे तो एका गोष्टीमुळे: तुम्ही पुढे जे करता ते मागे उशिरा पोहोचते. मागचा भाग उशिरा वळतो, ब्रेक उशिरा धरतो आणि चुकीच्या दिशेला लागला तर उशिरानेच सुधारतो. साध्या ट्रकमध्ये वळणात शिरल्यावरही थोडेफार सावरता येते. इथे वळणाची जागा, उताराचा गिअर आणि रिव्हर्सची सुरुवात आधी ठरवावी लागते. ट्रकचा अनुभव रस्ता वाचायला उपयोगी पडतो, पण हात नव्याने शिकवावे लागतात. विशेषतः रिव्हर्सला सवयीचे हात आडवे येतात.

क्रम असा ठेवा: मोकळ्या यार्डात जोडणे-सोडणे आणि सरळ रिव्हर्स, मग रिकामा ट्रेलर घेऊन कोरडा, मोकळा रस्ता, मग अर्धा माल, शेवटी पूर्ण माल.

प्रश्न : घोडा मागे घेताना खट् आवाज आला की ट्रेलर जोडला गेला, असे आमचे उस्ताद म्हणतात. तेवढे पुरेसे आहे का?

नाही. आवाजावर विसंबून निघालेल्या गाड्यांचे ट्रेलर पहिल्याच वळणावर किंवा चढावर सुटलेले आहेत. ट्रेलरचा पिन धरणारा घोड्यावरचा जबडा अर्धवट मिटला तरी आवाज येतो.

जोडण्याआधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावरच्या ज्या जोडणीवर ट्रेलर टेकतो तिची, प्लेट पाहा: ग्रीस असावे, प्लेट मागच्या बाजूला झुकलेली असावी, जबडा पूर्ण उघडा असावा. प्लेट पुढे-मागे सरकणारी असेल तर तिचे लॉक बसलेले असावे. ट्रेलरखाली वाकून किंगपिन, म्हणजे जबड्यात बसणारा ट्रेलरचा पिन, बघा. तो वाकलेला, चिरलेला किंवा एका बाजूने खाल्लेला नको. बहुतेक ट्रेलरला 2 इंची पिन असतो, फार अवजड कामाच्या ट्रेलरला साडेतीन इंची. जबडा त्याच मापाचा लागतो.

घोडा ट्रेलरच्या अगदी सरळ रेषेत आणा. तिरका घुसलात तर ट्रेलर बाजूला ढकलला जाऊन त्याचे पाय, म्हणजे घोडा नसताना पुढचा भाग पेलणारे लँडिंग लेग, वाकतात. प्लेट ट्रेलरखाली शिरण्याच्या थोडे आधी थांबा, उतरा आणि उंची पाहा. ट्रेलरची खालची प्लेट फिफ्थ व्हीलच्या मध्यापेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलर जरासा उचलला जाईल. ट्रेलर फारच खाली असेल तर घोडा त्याच्या नाकावर आदळतो. जास्त उंच असेल तर त्याहून वाईट घडते. किंगपिन जबड्यात पूर्ण उतरत नाही, वरवर अडकतो किंवा पुढे निघून केबिनच्या मागच्या बाजूवर येतो. उंची लँडिंग लेगच्या हँडलने जुळवा. घोड्याला एअर सस्पेन्शन असेल तर त्यानेही थोडी जुळते.

आता हवेचे पाइप जोडा. लाल पाइप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो, दुसरा ब्रेकचा इशारा नेतो. तो कुठे निळा असतो, कुठे पिवळा. तोंडातले रबरी वायसर फाटलेले नाहीत ना, पाहा. पाइप उलटसुलट लागले तर स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की स्प्रिंगने आपोआप लागणारे ब्रेक) असलेल्या ट्रेलरची चाके सुटतच नाहीत, त्यामुळे चूक लगेच कळते. पण स्प्रिंग ब्रेक नसलेल्या जुन्या ट्रेलरची टाकी रिकामी असेल तर गाडी निघते आणि ट्रेलरला ब्रेकच नसतो. म्हणून पाइप जोडल्यावर ट्रेलरला हवा द्या, ब्रेक लावून-सोडून आवाज ऐका, आणि पुन्हा ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवा.

मग सर्वांत खालच्या रिव्हर्स गिअरात हळू मागे या. जोडले गेल्यावर ट्रेलरचा ब्रेक तसाच ठेवून खालच्या गिअरात हलकेच पुढे ओढून पाहा, दोनदा. ही ओढ-चाचणी आवश्यक आहे, पण तीही फसवू शकते. उंच बसलेला पिन नुसत्या अडकण्याने तेवढी ओढ सहन करतो. खरी खात्री टॉर्च घेऊन खाली वाकल्यावरच होते. तीन गोष्टी डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. ट्रेलरची प्लेट आणि फिफ्थ व्हील यांच्यात फट नाही. मागून पाहिल्यावर जबडा पिनच्या मानेभोवती मिटलेला आहे, डोक्याभोवती नाही. आणि सोडायचे हँडल पूर्ण आत जाऊन त्याची खिटी बसली आहे. यातली एक जरी गोष्ट दिसली नाही तरी सोडून पुन्हा जोडा.

हे झाल्यावरच लाइटची वायर जोडा, पाय पूर्ण वर घ्या, हँडल त्याच्या हुकात अडकवा आणि ठोकळे काढा. अर्धे वर घेतलेले पाय रेल्वे फाटकावर किंवा गतिरोधकावर आपटतात.

प्रश्न : मी ट्रेलर शिकणारी मुलगी आहे. सोडताना फिफ्थ व्हीलचे हँडल माझ्याने ओढवत नाही. ताकद कमी पडते म्हणून हे काम जमणार नाही, असे काही जण सांगतात.

हँडल अडते ते जबड्यावर ताण असल्यामुळे. घोडा पुढे झुकून उभा असेल तर पिन जबड्याला ओढून धरतो, मग पैलवानालाही हँडल हलत नाही. ट्रेलरचा ब्रेक लावा, घोडा हलकेच मागे दाबा आणि त्याच स्थितीत घोड्याचा पार्किंग ब्रेक लावा. जबड्यावरचा ताण गेला की हँडल साध्या ओढीने येते. टोकाला आकडा असलेली लोखंडी सळी जवळ ठेवा, म्हणजे ट्रेलरखाली फार वाकावे लागत नाही. तरीही अडत असेल तर ग्रीस वाळले आहे किंवा जबडा झिजला आहे, आणि ते काम मेकॅनिकचे.

पायांच्या हँडलला बहुधा दोन गती असतात. ओझे नसताना जलद गती, पाय जमिनीला टेकल्यावर संथ गती. पाय टेकल्यानंतर संथ गतीत आणखी काही फेरे द्या, म्हणजे फिफ्थ व्हीलवरचे थोडे ओझे पायांवर येते आणि पुढच्या वेळी उंचीही बरोबर मिळते. ओझ्याखाली असलेले हँडल मध्येच हातातून सोडू नका. ते उलटे फिरून मनगट मोडते.

जमीन मऊ असेल तर पायांखाली जाड फळ्या टाका. पाइप आणि वायर काढायला विसरू नका. घोडा एकदम बाहेर काढू नका: प्लेट सुटली, पण चेसिस अजून ट्रेलरच्या नाकाखाली आहे, अशा जागी थांबून उतरा आणि पाय खचत नाहीत ना, पाहा. खचलाच तर ट्रेलर चेसिसवर टेकेल, जमिनीवर कोसळणार नाही. मग एअर सस्पेन्शनची हवा उतरवून निघा.

हे काम ताकदीने करणारे लवकर पाठीचे दुखणे घेऊन बसतात. तुम्ही सुरुवातीपासून पद्धतीने करा.

प्रश्न : रिव्हर्स काही केल्या जमत नाही. ट्रेलर नको तिकडे जातो, मी स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि गाडीची घडी होते, म्हणजे घोडा ट्रेलरवर दुमडतो.

तुमच्या प्रश्नातच कारण आहे: स्टिअरिंग आणखी फिरवणे. याचे उत्तर सविस्तर देत आहोत, कारण नव्या चालकांचे किरकोळ अपघात बहुतेक रिव्हर्सलाच होतात.

आधी हाताची जागा बदला. स्टिअरिंग तळाशी धरा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवा. डावीकडे हवी तर हात डावीकडे. यामुळे उलट विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट कमी जण समजावून सांगतात. ट्रेलर वळवण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात घोडा आणि ट्रेलर यांच्यात कोन तयार करायचा. दुसऱ्यात तो कोन आणखी वाढू न देता घोड्याने ट्रेलरच्या मागे जायचे. त्यासाठी हवा तेवढा कोन झाला की स्टिअरिंग उलट बाजूला फिरवावे लागते. नवशिके पहिल्या टप्प्यातच थांबून राहतात. चाके तशीच वळलेली राहिल्याने कोन वाढत जातो आणि घडी होते. कोन हवा तेवढा होण्याच्या थोडे आधीच हात उलट फिरायला लागले पाहिजेत, कारण ट्रेलरला ते कळेपर्यंत घोडा आणखी मीटर-दीड मीटर गेलेला असतो.

सुरुवात सरळ रिव्हर्सने करा. साडेतीन ते चार मीटर रुंद आणि तीसेक मीटर लांब पट्टी चार शंकूंनी आखा. गिअर सर्वांत खालचा, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. दोन्ही आरशांत आलटून पालटून पाहा. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल त्या बाजूला ट्रेलर सरकतो आहे. स्टिअरिंगचा वरचा भाग त्याच आरशाकडे वळवा, पाव फेऱ्याहून कमी (तळाशी धरलेला हात त्यामुळे उलट बाजूला जातो), आणि वाट पाहा. ट्रेलर रेषेत परतू लागला की लगेच सरळ करा. न थांबता दुसरा फेरा देणे हीच चूक सर्वांत जास्त होते. लांब ट्रेलर संथपणे वळतो पण अंदाज देतो. आखूड ट्रेलर झटकन वळतो आणि सावरायला वेळ देत नाही, त्यामुळे आखूड सोपा हा समज चुकीचा आहे.

सरळ रिव्हर्स हातात बसल्यावर एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत जाणे शिका, आणि त्यानंतरच काटकोनात धक्क्याला लावणे. काटकोनाचे निम्मे काम पुढे जातानाच होते. चालक बसतो त्या बाजूची जागा निवडा. जागेच्या पुढे जाताना घोडा बाहेरच्या बाजूला वळवून थांबा, म्हणजे रिव्हर्स सुरू करण्याआधीच ट्रेलरची शेपटी जागेकडे थोडी वळलेली असेल. मागे येताना तुमच्या बाजूच्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा आणि जागेची जवळची कड, दोन्ही सतत दिसली पाहिजेत. कोन फार वाढला तर थांबा, पाच-दहा मीटर पुढे जाऊन सरळ करा, पुन्हा या. पुढे घेणे हा रिव्हर्सचाच भाग आहे. कोन काटकोनाच्या पुढे गेला की केबिनचा कोपरा ट्रेलरला लागतो आणि हवेचे पाइप ताणून तुटतात.

उतरून पाहण्याची लाज बाळगू नका. पार्किंग ब्रेक लावा, उतरा, मागे जा. खालचे खांब आणि खड्डे पाहाल तसे वरच्या तारा, फांद्या आणि छताची कडही पाहा. सांगणारा माणूस असेल तर हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, निदान थांबण्याची एक खूण तरी. तो आरशात दिसेनासा झाला की ब्रेक लावायचा, मग तो ओरडून काहीही सांगत असो.

चालकाच्या विरुद्ध बाजूचा रिव्हर्स शेवटी शिका. त्यात ट्रेलर वळताच शेपटी आरशातून नाहीशी होते. एकट्याने असाल तर आधी गाडी फिरवून दिशा बदलता येते का ते पाहा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालेल. सराव एका वेळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त करू नका. थकलेले हात जुन्या सवयीवर जातात.

प्रश्न : चौकात वळताना मागची चाके फुटपाथवर चढतात. किती बाहेरून घ्यावे?

ट्रेलरची चाके घोड्याच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापतात. किती आतून, ते किंगपिनपासून ट्रेलरच्या धुऱ्यांच्या मध्यापर्यंतच्या अंतरावर ठरते. किंगपिन 15 मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरत राहिला आणि हे अंतर 8 मीटर असेल, तर मागची चाके जवळजवळ सव्वादोन मीटर आत येतात. अंतर 12 मीटर असेल तर चक्क 6 मीटर. चौकातले वळण पूर्ण फरक पडायच्या आत संपते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी पडतो. पण लांबी दीडपट झाली की फरक दीडपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, हे ध्यानात ठेवा. नवा ट्रेलर हातात आला की हे अंतर टेपने मोजा.

वळणाआधी बाहेर सरकून आतल्या बाजूला जागा मोकळी सोडू नका. तिथे दुचाकी घुसते आणि तुम्ही वळता तेव्हा ती ट्रेलरच्या चाकांपुढे असते. ट्रेलर आतल्या कडेजवळ ठेवा, घोडा चौकात नेहमीपेक्षा जास्त सरळ पुढे जाऊ द्या, मग वळा. जास्तीची जागा ज्या रस्त्यात शिरायचे आहे तिथली वापरा. आरसा वळणाआधी, वळत असताना आणि बाहेर पडताना, तिन्ही वेळा. वळण पूर्ण होणार नाही असे दिसले तर थांबा. समोरून येणाऱ्यांना जागा द्या, पण मागे घेऊ नका, कारण मागचा दिसत नाही.

प्रश्न : सकाळी निघण्यापूर्वी ब्रेकची हवा नेमकी कशी तपासायची? काटा हिरव्यात आला की आम्ही निघतो.

काटा फक्त हवा भरल्याचे सांगतो. ती टिकते का, हे वेगळे बघावे लागते. चाकांना ठोकळे लावा. हवा पूर्ण भरू द्या. बऱ्याच गाड्यांत कंप्रेसर 120 ते 130 पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप), म्हणजे 8 ते 9 बारला थांबतो. इंजिन बंद, चावी चालू, सगळे पार्किंग ब्रेक सोडलेले. काटा स्थिर झाल्यावर एक मिनिट पाहा. घोडा आणि ट्रेलर मिळून 3 पीएसआयहून जास्त उतरता कामा नये. मग पेडल पूर्ण दाबून धरा: आणखी एका मिनिटात 4 पीएसआयहून जास्त नको. अमेरिकेतल्या अवजड वाहनांच्या परवान्याच्या परीक्षेत याच मर्यादा आहेत आणि रोजच्या वापराला त्या चांगल्या आहेत. त्यानंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवा. 60 पीएसआयच्या आसपास बझर किंवा दिवा लागला पाहिजे. 20 ते 45 च्या दरम्यान ट्रेलरचे आणि घोड्याचे बटण आपोआप बाहेर पडून स्प्रिंग ब्रेक लागले पाहिजेत. पुन्हा हवा भरा आणि निघाल्यावर ताशी सात-आठ किलोमीटरवर ब्रेक एकदा वापरून पाहा.

गळती बहुधा पाइपांच्या तोंडातल्या वायसरला असते. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. टाकीखालचा खटका ओढून पाणी काढा. पाण्याबरोबर तेल येत असेल तर कंप्रेसर झिजला आहे.

ब्रेक चेंबरच्या, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या, दांड्याकडेही लक्ष द्या. सपाट जागी, ठोकळे लावून, ब्रेक सोडलेले असताना दांड्याला जोडलेला, ब्रेकचा ढिलेपणा काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर हाताने जोरात ओढा. दांडा सुमारे 1 इंचाहून जास्त सरकला तर ब्रेक ढिला आहे. ऑटो स्लॅक (आपोआप जुळणारा) असेल आणि तरी ढिला पडत असेल तर पाना घेऊन आवळत बसू नका. आवळल्याने दोष काही दिवस झाकला जातो. अ‍ॅडजस्टर खराब असेल, चुकीचा बसवला असेल किंवा ब्रेकचे इतर भाग झिजले असतील, ते मेकॅनिकला शोधू द्या.

प्रश्न : घाट उतरताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचे, हा नियम अजून खरा आहे का?

जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांना तो चालायचा. आताचे इंजिन मोठ्या गिअरात चढते आणि गाडी हलकी पळते, म्हणून उतरायला बहुधा त्याहूनही खालचा गिअर लागतो. एक हिशेब पाहा. 40 टनांची गाडी 6 टक्के उतारावर ताशी 40 किलोमीटरने उतरत असेल तर वेग तेवढाच ठेवायला सतत सुमारे 260 किलोवॉट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. टायर आणि हवेचा विरोध त्यातली थोडी खातो. उरलेली इंजिन, एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणाऱ्या यंत्रणा) यांनी घेतली नाही तर ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. ड्रम तापून फुगतो, लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे अस्तर) त्याच्यापासून लांब जातो, दांड्याला जास्त सरकावे लागते आणि लायनरची पकडही कमी होते. तुम्ही पेडल तेवढेच दाबता, गाडी मात्र कमी थांबते.

म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. उतारावर गिअर बदलायला गेलात आणि बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर मॅन्युअलवर घेऊन गिअर धरून ठेवा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. ठरवलेला वेग 40 असेल तर काटा 40 ला येताच ठाम दाबून तीनेक सेकंदांत 32 पर्यंत आणा आणि पूर्ण सोडा. पुन्हा 40 झाला की पुन्हा तेच. ट्रेलरचा हँड व्हॉल्व्ह (फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा हाताचा खटका) उतारावर वापरू नका. सगळी उष्णता ट्रेलरच्याच ड्रमवर जाते.

वास, धूर किंवा पेडल आधीपेक्षा खोल दाबावे लागणे यातले काहीही जाणवले तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडे जातात. ब्रेक फार तापले असतील तर पार्किंग ब्रेकवर विसंबू नका. खालच्या गिअरात ठेवून चाकांना ठोकळे लावा आणि निवू द्या.

प्रश्न : रिकामा ट्रेलर हलका, मग तो लवकर थांबायला नको का? पावसात उलट मागचा भाग सरकतो.

ब्रेक भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. रिकाम्या ट्रेलरची चाके रस्त्याला जेमतेम दाबलेली असतात, त्यामुळे तोच ब्रेक त्यांना लॉक करतो आणि लॉक झालेले चाक पकड सोडते. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर धोका कमी होतो, थांबायचे अंतर मात्र लांबच राहते. घोड्याची मागची चाके लॉक झाली तर गाडीची घडी होते. ट्रेलरची झाली तर ट्रेलर बाजूने पुढे येऊ पाहतो. दोन्हींत उपाय एकच: ब्रेक सोडा, चाके फिरू द्या. ट्रेलरचा हँड व्हॉल्व्ह लावून गाडी सरळ होते, हा समज खोटा आहे. घसरण ट्रेलरच्याच ब्रेकने झालेली असते तिथे आणखी ब्रेक लावून काय होणार? ओल्या रस्त्यावर गाडी रिकामी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डरही बंद ठेवा. ते फक्त घोड्याची चाके धरतात.

भरलेल्या गाडीचा धोका उलटण्याचा. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 30 ने जाण्याऐवजी 45 ने गेलात तर बाहेर ढकलणारा जोर सव्वादोनपट होतो. उंच माल भरलेला ट्रेलर एवढ्याने उलटण्याच्या उंबरठ्यावर येतो, आणि आतले चाक उचलल्याचे केबिनमध्ये कळत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा.

प्रश्न : माल बांधणे हे हमालांचे काम आहे. चालकाने त्यात किती लक्ष घालावे?

पूर्ण. रस्त्यावर माल सरकला तर तो तुमच्याच केबिनकडे येतो. पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या आठ दशांश आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाइतका जोर सहन होईल, हा बांधणीचा रूढ हिशेब आहे. पट्ट्यांवर लिहिलेल्या सुरक्षित भारांची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी कधीच नको. धारेवरून जाणाऱ्या पट्टीखाली कोपऱ्याचे संरक्षण घाला. निघाल्यावर 80 किलोमीटरच्या आत एकदा थांबून पट्ट्या पुन्हा आवळा, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी माल बसतो. चाक बदलले असेल तर 80 ते 160 किलोमीटरनंतर नटही पुन्हा आवळून घ्या.

प्रश्न : पहिली नोकरी निवडताना पगाराशिवाय काय पाहावे?

सोबत कोण बसणार, तो किती काळ बसणार आणि तो झोपून राहणार की शिकवणार, हे विचारा. उस्ताद मागे झोपतो आणि नवा माणूस रात्रभर एकटा चालवतो, अशी व्यवस्था असेल तर ते शिक्षण नव्हे, दोन पाळ्यांत वापरलेली गाडी आहे. रोज एकच घोडा-ट्रेलर मिळेल की बदलते, तेही विचारा. पहिले काही महिने एकच जोडी मिळणे चांगले. मोबदला फेऱ्यांवर असेल तर विश्रांती कशी मिळते, ते स्पष्ट करून घ्या. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. तुमच्याकडे नियम सैल असला तरी शरीर तेच आहे. पहाटे 2 ते 5 ही वेळ सर्वांत वाईट. डोळे जड झाले तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप टळत नाही. सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे झोपा आणि उठल्यावर लगेच न निघता दहा-पंधरा मिनिटे पायी फिरा.

एक वही ठेवा. प्रत्येक ठिकाणचा रिव्हर्स कोणत्या बाजूने होता, किती वेळा पुढे घ्यावे लागले, कोणत्या उताराला कोणता गिअर आणि किती वजनाला लागला, हे त्या दिवशीच लिहा. तोच उतार पुन्हा आला आणि वजन वेगळे असले की गिअर ठरवायला हीच नोंद कामी येते. नवा मालक अनुभव विचारेल तेव्हाही हीच वही पुढे ठेवा.